पट्टी दाबल्यानंतर

अनंत चतुर्दशीच्या रात्री मिरजकर तिकटीहून बिनखांबी गणेश मंदिराकडे आणि तिथून महाद्वार रोडने पापाच्या तिकटीकडे सरकणाऱ्या मिरवणुकीच्या कडेला उभे राहिले, तर पट्ट्यांची निदान तीन वाद्ये एकापाठोपाठ कानांवरून जातात. एखाद्या तालमीसोबतचे भजनी मंडळ पेटी घेऊन येते, त्यांच्यामागून बेंजो पार्टीचा झणझणीत आवाज येतो आणि मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीतून कीबोर्डवर वाजवलेली सनई बाहेर पडते. तिन्ही ठिकाणी गाणे एकच असू शकते, आणि पुष्कळदा ते असतेही. तिन्ही वादकांची बोटे पट्ट्यांच्या रांगेवरच फिरत असतात. तरीही डोळे मिटून ऐकणाऱ्याला पहिल्याच सुरात कळते, की ही पेटी, हा बेंजो आणि ही विजेवरची सनई. हे कळणे नेमके कशामुळे घडते, हा प्रश्न पेटी शिकू लागल्यापासून माझ्या मनात आहे, आणि पुढे पदार्थविज्ञान शिकवण्याचा व्यवसाय पत्करल्यावर तो अधिकच जवळचा झाला.

संगीताच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने नादाचे तीन गुणधर्म पाठ केलेले असतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. दोन वाद्यांतून एकाच उंचीचा आणि एकाच जोराचा स्वर निघाला, तरी त्यांत जो फरक जाणवतो ती नादाची जाती, आणि मूळ नादाबरोबर उमटणारे सहायक नाद हे तिचे कारण, असे उत्तर आम्ही लिहीत असू. हे उत्तर बरोबर आहे, पण ते स्वराला मधल्या अवस्थेत पकडते. तो सुरू होऊन स्थिरावला आहे आणि संपायला अजून अवकाश आहे, अशा क्षणी. स्वर सुरू कसा होतो, विझतो कसा, आणि या दोन टोकांच्या मध्ये वादकाला त्याच्यात काही बदल करता येतो की नाही, यांवर वाद्याचा स्वभाव तितकाच, किंबहुना अधिक, अवलंबून असतो. सतारियाचे बोट प्रत्यक्ष तारेवर असते आणि बासरीवाल्याची फुंक प्रत्यक्ष बासरीत जाते. पट्टीच्या वाद्यात मात्र बोट आणि ध्वनी यांच्यामध्ये एक यंत्रणा उभी असते. म्हणून अशा कोणत्याही वाद्याविषयी मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की पट्टी दाबून झाल्यानंतर वादकाच्या हाती काय उरते?

कोल्हापूरच्या माणसाने पेटीपासून सुरुवात करावी हे स्वाभाविक आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात राहिले आणि त्यांची गायकी जवळून ऐकलेल्या गोविंदराव टेंबे यांनी (१८८१–१९५५) जिथे पेटीला साथीच्या वाद्याहून मोठे स्थान मिळवून दिले, त्या गावात पेटीकडे उपरे वाद्य म्हणून पाहणे कठीण आहे. जन्माने ती फ्रेंच आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबां यांनी १८४०च्या दशकाच्या आरंभी हार्मोनियम या नावाने तिचे पेटंट घेतले. ती पायाने भाता चालवण्याची, मेजाएवढी वस्तू होती. तिला जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल असे हातभात्याचे रूप १८७५च्या सुमारास कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी दिले, आणि पेटी बैठकीत आली.

पेटीच्या आत पितळेच्या लहानशा पत्र्याला एक लांबट चीर पाडलेली असते आणि त्या चिरेवर, एका टोकाला पक्की केलेली, पितळेचीच पातळ जीभ बसवलेली असते. यालाच कारागीर सूर म्हणतात. जीभ चिरेपेक्षा किंचित अरुंद असल्यामुळे ती कडांना न शिवता आरपार झुलू शकते. वादक पट्टी दाबतो तेव्हा तो फक्त एक झडप उघडतो. भात्यातली दाबाखालची हवा चिरेतून बाहेर पडू पाहते आणि जाताना जिभेला आत ढकलते. जीभ आत गेली की हवेची वाट जवळजवळ बंद होते, मग पितळेची लवचीकता जिभेला परत ओढते आणि वाट पुन्हा खुली होते. षड्ज, म्हणजे सा, २४० कंपनांचा असेल, तर हे सगळे सेकंदाला २४० वेळा घडते. आपण जे ऐकतो तो जिभेचा आवाज नसतो. जीभ नुसती नखाने छेडली, तर जेमतेम ऐकू येईल एवढा बारीक ध्वनी निघतो. आपण ऐकतो ती जिभेने तोडलेली, झटक्याझटक्याने सुटणारी हवा. प्रवाह असा अचानक तुटत आणि सुटत असल्यामुळे त्यात सहायक नादांची गर्दी होते आणि पेटीच्या आवाजाला ती ओळखीची धार येते.

सूर लावणे हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. जिभेच्या मोकळ्या टोकाजवळ कानशीने अगदी थोडे खरवडले, की टोकाचे वजन कमी होते आणि सूर चढतो. बुडाशी खरवडले, की तिथली ताकद कमी होते आणि सूर उतरतो. खर्जातल्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, जिभा फार लांब करता येत नाहीत, म्हणून त्यांच्या टोकावर धातूचा जाडसर थर ठेवून त्या जड करतात. जीभ चिरेच्या पातळीपासून किती वर उचललेली आहे यालाही फार महत्त्व असते. ती फार खाली असेल तर हवा तिला हलवूच शकत नाही, आणि फार वर असेल तर सूर सुरू व्हायला वेळ लागतो. माझी पेटी दुरुस्त करणारे कारागीर अशा सुराकडे पाहून म्हणत, ‘‘मान उचललीया ह्याची, म्हणून उशिरा बोलतुया.’’ स्वराच्या जन्मातला सेकंदाच्या लहानशा अंशाचा हा उशीर त्यांना ऐकू येत असे, आणि पितळेच्या पत्रीने ती मान हलकेच दाबून ते तो दूर करत. गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर आज सर्वत्र वापरले जातात. जुन्या पेट्यांतले जर्मन आणि पॅरिसचे सूर जपणारी घरेही आहेत, आणि त्यांचा आग्रह मला पटतो, कारण पितळ चांगले असेल तर सूर कमी हवेत बोलतो आणि दाब वाढवला तरी कर्कश होत नाही.

चांगल्या पेटीत एका पट्टीमागे सुरांचे दोन किंवा तीन संच असतात. खर्ज, नर आणि मादी अशी त्यांची नावे आहेत, आणि ते एकेका सप्तकाच्या अंतराने लावलेले असतात. दोन संच एकाच सप्तकातले असतील आणि त्यांत अत्यंत सूक्ष्म फरक राहिला असेल, तर दोघांच्या कंपनांतून संथ लहर उठते. काही वादकांना ती आवडते. मला साथीच्या पेटीत ती नकोशी वाटते, कारण गायकाला टेकायला स्थिर जागा हवी असते.

मात्र पेटीचे खरे मर्म डाव्या हातात आहे. पट्टी आपटली काय किंवा अलगद ठेवली काय, झडप तेवढीच उघडते, त्यामुळे उजव्या हाताचा जोर आवाजात जवळपास उतरत नाही. बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, आतल्या भात्यावरच्या स्प्रिंगा तिचा दाब सांभाळून ठेवतात, आणि डावा हात त्या सांभाळलेल्या दाबावर आपला दाब मिसळत राहतो. दाब वाढला की सूर मोठा होतो, त्याच वेळी त्यातले वरचे सहायक नाद पुढे येतात, आणि फार जोर केला तर, विशेषतः खर्जात, सूर केसभर उतरतोही. म्हणजे पट्टी दाबून झाल्यावरही, तो सूर चालू असेपर्यंत, त्याचा आकार, त्याचा रंग आणि त्याचा श्वास वादकाकडेच असतो. ख्यालाच्या साथीत गायक षड्जावर येऊन थांबतो तेव्हा पेटीवाला एकही नवी पट्टी न दाबता त्याच्याबरोबर थांबू शकतो आणि त्याच्याबरोबर उतरू शकतो, ते या भात्यामुळे.

संगीत नाटकांतला ऑर्गन याच कुळातला, पण त्याची हवा उलट्या दिशेने जाते. पायांनी चालवलेले त्याचे भाते हवा बाहेर काढतात, पेटीत पोकळी निर्माण होते, आणि बाहेरची हवा सुरांमधून आत खेचली जाते. अमेरिकी बनावटीच्या या पद्धतीत सूर एका छोट्या खोबणीत बसलेला असतो आणि आवाज बाहेर येईपर्यंत त्याची धार बरीच कमी होते. त्या गोल, भरदार आवाजावर बालगंधर्वांच्या काळातले नाट्यसंगीत वाढले. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिलेले आमचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत होरपळले, तेव्हा भिंती आणि छप्पर यांच्याबरोबरच मला त्या जागेत ऐकलेल्या ऑर्गनची आठवण झाली आणि ती अजून जात नाही. लाकडी रंगमंचावरून येणारा तो सूर प्रेक्षागृहभर जसा पसरत असे, तसा तो मला अन्यत्र कुठे ऐकायला मिळालेला नाही.

पेटीवरचे दोन जुने आक्षेप याच यंत्रणेतून निघतात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला गांधाराचा, म्हणजे ‘ग’ या स्वराचा. सप्तकाचे बारा समान भाग पाडले, की प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट कंपनांची होते. षड्ज २४० धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गांधार ३०० कंपनांच्या प्रमाणात पडतो, आणि पेटीचा गांधार पडतो ३०२.४ वर. फरक क्षुल्लक दिसतो. पण षड्जाचा पाचवा सहायक नाद (मूळ नाद पहिला धरून, म्हणजे पाचपट कंपनांचा) १२०० वर असतो आणि पेटीच्या गांधाराचा चौथा १२०९.५ च्या आसपास, त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकत्र दाबल्या की सेकंदाला साडेनऊच्या आसपास ठोके ऐकू येतात. ज्या वाद्यात सहायक नाद दुबळे आहेत, तिथे ही खळबळ कानाआड होते. पेटीत ते बलवान असल्यामुळे ती लपत नाही. म्हणूनच जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी शुद्ध गुणोत्तरांचे स्वर तपासण्यासाठी मुद्दाम तशी लावलेली हार्मोनियम वापरली होती. आपल्या शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी श्रुतींचे, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांचे, गणित मांडले आणि ब्रिटिश अधिकारी ई. क्लेमेंट्स यांच्यासह श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी षड्ज-पंचम सोडून प्रत्येक स्वराच्या दोन श्रुती देणारी बावीस श्रुतींची पेटी घडवली. या सर्व खटाटोपाचे मला मोल वाटते, कारण पेटी बेसूर आहे असे म्हणून तिला सोडून देण्यापेक्षा ती सुरेल करण्यात या माणसांनी आयुष्याची वर्षे घातली.

दुसरा आक्षेप मींडेचा आहे, आणि त्याला कानस हे उत्तर नाही. जिभेची लांबी ठरलेली आहे. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर अखंड घसरत जाणे तिला शक्य नाही. प्रामुख्याने याच कारणावरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला प्रक्षेपणातून बाहेर केले आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. उत्तम पेटीवादक मधले स्वर कणांसारखे जलद सोडून, भात्याचा दाब त्या कणांखालून सलग फिरवून, मींडेचा भास उभा करतो. मला हा भास प्रिय आहे, पण तो भास आहे हे मान्य केले पाहिजे.

पियानो कोल्हापुरात क्वचितच ऐकायला मिळतो, तरी त्याला वगळून पुढे जाता येत नाही. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी १७००च्या सुमारास एक अवघड प्रश्न सोडवला. पट्टीने हातोडी तारेवर मारायची, पण हातोडी तारेवर टेकून राहिली तर तार गप्प होईल. म्हणून तारेला लागण्याच्या थोडे आधी पट्टीने हातोडीला सोडून द्यायचे आणि शेवटचे काही मिलिमीटर तिने एकटीने जायचे. गोफणीतून सुटलेल्या दगडाप्रमाणे हातोडीवर त्या टप्प्यात वादकाची काहीही सत्ता नसते. बोटाने तिला किती वेग दिला, एवढे एकच त्याच्या हाती असते. पण त्या एका गोष्टीत पुष्कळ काही सामावते. नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी हळू गेली तर मऊ राहते आणि तारेतले वरचे सहायक नाद दाबून टाकते. वेगाने गेली तर नमदा आकसून कडक होतो आणि आवाज मोठा होण्याबरोबर लखलखीतही होतो. मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्या आधी एका लयीत हलून आपली शक्ती स्वरपटाला, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीला, भराभर देऊन टाकतात, मग एकमेकींपासून सूक्ष्म अंतराने सुटतात आणि उरलेली शक्ती सावकाश देत राहतात, म्हणून पियानोचा सूर आधी झपकन खाली येतो आणि नंतर बराच वेळ रेंगाळतो. या साऱ्या तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरात जातो, आणि तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट लागते.

विद्यार्थ्यांना मी एक साधा प्रयोग करायला लावतो. मोबाइलवर पियानोचा एक लांब सूर ध्वनिमुद्रित करायचा आणि तो उलटा वाजवायचा. सहायक नाद तेच राहतात, त्यांचे प्रमाणही तेच राहते, फक्त काळाची दिशा बदलते. जे ऐकू येते त्यात पियानो ओळखता येत नाही; बहुतेक मुले ‘‘सर, ही पेटी आहे’’ असे म्हणतात. सूर हळूहळू फुगत जातो आणि एकदम तुटतो, भात्यावर वाढवलेल्या आणि झडप मिटून थांबवलेल्या सुरासारखा. परीक्षेतल्या व्याख्येत काय राहून गेले आहे, ते या प्रयोगात कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय ऐकू येते.

आता बेंजो. कोल्हापूर-सांगली भागाच्या मिरवणुका आणि वराती यांच्याशी हे वाद्य इतके एकजीव झाले आहे, की ते जपानहून आले यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली टंकलेखन यंत्रासारख्या पट्ट्या बसवलेले तैशोगोतो हे तंतुवाद्य तयार केले. तेच भारतात बुलबुल तरंग झाले आणि आपल्याकडे बेंजो. यात पट्टी आवाज काढतच नाही. डाव्या हाताची पट्टी तार एका ठिकाणी दाबून तिची लांबी ठरवते आणि उजव्या हाताची नखी तार छेडते. तार पोलादी आणि आखूड, छेडण्याची जागा टोकाशी, त्यामुळे सहायक नाद विपुल आणि वरचे विशेष तीव्र असतात. छेडल्याबरोबर सूर टोकदार उठतो आणि लगेच विझू लागतो. विझणारा सूर भरून काढायला वादक तार भराभर छेडत राहतो, आणि बेंजोची ती अखंड थरथर तिथून येते. तारांखाली चुंबकीय पिकअप बसवला, की तारेच्या हालचालीतून वीज निर्माण होते आणि ध्वनिवर्धकातून तोच आवाज चौकभर पोहोचतो. पट्टीवर जास्त दाब दिला, तर तार किंचित ताणली जाऊन सूर हलतो. युरोपात पियानोच्या आधीपासून असलेल्या क्लॅव्हिकॉर्ड या वाद्यात हेच अधिक नाजूकपणे घडत असे. तिथे पट्टीच्या टोकाची धातूची पाती तारेला लागून राहते, आणि बोट पट्टीवर हलकेच दाबत-सोडत राहिल्यास चालू सुराला कंप देता येतो. पट्टी दाबल्यावरही सूर हाताखाली राहावा, ही इच्छा इतकी जुनी आहे.

विजेच्या सुरुवातीच्या पट्टीवाद्यांपैकी काही निम्मी यांत्रिकच होती. घड्याळे बनवणारे लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली जो ऑर्गन बाजारात आणला, त्यात विजेच्या पुरवठ्याच्या लयीला बांधलेली मोटर दातेरी चाके फिरवते, प्रत्येक चाकाशेजारी एक चुंबक आणि गुंडाळी असते, आणि दाता जवळून गेला की गुंडाळीत वीज उमटते. एका चाकातून जवळजवळ शुद्ध, सहायक नादांवाचूनचा सूर निघतो. असे नऊ सूर नऊ दांड्या कमीजास्त ओढून मिसळायचे आणि हवी ती जाती बांधायची, अशी कल्पना. परीक्षेतली आमची व्याख्या कुणी लाकूड-लोखंडात उभी केली असेल, तर ती इथे. आणि तरीही या ऑर्गनची ओळख ज्याने ठरली, तो पट्टी दाबताना विद्युत्संपर्क जुळण्याचा बारीकसा ‘टक्’ असा आवाज होता. निर्मात्यांना तो दोष वाटला, वादकांना मात्र तोच हवासा झाला. वुर्लित्झर कंपनीच्या विद्युत पियानोत हातोडी पोलादी जिभेवर पडते आणि ऱ्होड्सच्या वाद्यात पोलादी काडीवर. पहिल्यातली जीभ पाहून मला नेहमी पेटीचा सूर आठवतो, मात्र तिला हवा लागत नाही, आणि हवा नसल्यामुळे तिचा सूर पियानोसारखा विझत जातो.

आपल्या कानांवर विजेचा पहिला मोठा ठसा उमटला तो क्लॅव्हियोलीनचा. फ्रान्सच्या काँस्तां मार्तँ यांनी १९४७ साली घडवलेल्या या छोट्या वाद्यात एका वेळी एकच सूर निघतो; निर्वात नळ्यांच्या मंडलातून सहायक नादांनी भरलेला कंप निर्माण होतो, गाळण्यांतून त्यातला नको तो भाग काढला जातो, सुराला कंप देण्याची सोय असते आणि आवाज गुडघ्याने हलवायच्या दांडीने कमीजास्त करतात. १९५४च्या ‘नागीन’ या हिंदी चित्रपटातली पुंगी म्हणून देशभर डोलली गेली ती याच वाद्यावर कल्याणजी वीरजी शहा यांनी वाजवलेली धून होती. खरी पुंगी तिथे नव्हती, तरी ऐकणाऱ्याची फसवणूक झाली असे मला वाटत नाही. वादकाने चालू सुराला कंप दिला, गुडघ्याने त्याचा जोर फिरवला, आणि पुंगीच्या फुंकीत जे जिवंत असते तेच दुसऱ्या मार्गाने आणले.

रॉबर्ट मूग यांचा १९६०च्या दशकातला सिंथेसायझर याच वाटेने पुढे गेला. आधी भरगच्च कंप, मग गाळणी, आणि त्यांवर सूर किती वेळात चढावा, किती उतरून स्थिरावावा, पट्टी सोडल्यावर किती वेळात विझावा हे ठरवणारी स्वतंत्र व्यवस्था. स्वराचा जन्म आणि अंत वादकाला बटणांवर मिळाले. जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एक वेगळीच गोष्ट हेरली: एका शुद्ध सुराने दुसऱ्या शुद्ध सुराची कंपनसंख्या अतिजलद हलवली, की दोन साध्या सुरांतून सहायक नादांचे मोठे कुटुंब निर्माण होते. यामाहाच्या १९८३च्या डीएक्स-७ मधली काचेसारखी घंटा आणि धातूसारखा पियानो या युक्तीतून आले. हे आवाज कुणाची नक्कल नाहीत. त्यांचा स्वतःचा स्वभाव आहे, आणि विजेच्या वाद्यांना कृत्रिम म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ते एकदा शांतपणे ऐकावेत असे मला कळकळीने वाटते.

आज घरोघरी असलेल्या कीबोर्डची पद्धत बहुधा याहून सरळ असते. खऱ्या वाद्याचा सूर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून साठवलेला असतो आणि पट्टी दाबली की तो वाजवला जातो. पट्टीखाली रबरात बसवलेले दोन संपर्क असतात. पहिला आणि दुसरा जुळण्यात किती वेळ गेला यावरून बोटाचा वेग कळतो आणि तो १ ते १२७ यांतल्या एका अंकात लिहिला जातो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पेटीच्या लाकडी पट्ट्या फुगून अडकतात, आणि कीबोर्डच्या या संपर्कांवर ओल आणि धूळ बसली की एखादी पट्टी गप्प होते किंवा हलक्या बोटालाही एकदम कमाल जोराने ओरडते. वेग मोजून तो सुराला देणे हा मुळात पियानोचा न्याय आहे. म्हणून कीबोर्डवरचा पियानो चांगला वाजतो. वेग सोडून पियानोवादकाच्या हाती तसेही दुसरे काही नव्हते. पेटीचे तसे नाही. कीबोर्डमध्ये साठवलेला पेटीचा सूर कितीही निर्मळ असला, तरी तो कुणा दुसऱ्याच्या भात्यावर मुद्रित झालेला असतो, त्याचा मधला तुकडा पुन्हा पुन्हा फिरवून लांबवलेला असतो, आणि वाजवणाऱ्याचा डावा हात रिकामा असतो. पायाखाली आवाज फिरवायचे पेडल जोडले तर जोर बदलतो, पण दाबाबरोबर जो रंग बदलतो आणि सूर जो केसभर हलतो, ते घडत नाही. साठवलेल्या सुराऐवजी जीभ, हवा आणि दाब यांचे गणितच क्षणोक्षणी सोडवून आवाज निर्माण करणे शक्य आहे. यामाहाने १९९४ साली व्हीएल-१ या वाद्यात फुंकवाद्यांसाठी तसे केले होते, आणि वाजवणाऱ्याची फुंक मोजण्याची सोयही त्याला होती. पेटीसाठी असे काही भाता मोजणारे वाद्य मनापासून घडवले जावे, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मिरवणुकीतल्या ट्रॉलीवरच्या तरुण वादकाकडे मात्र मी वेगळ्या कारणासाठी निरखून पाहतो. सनई किंवा पुंगीची धून काढताना त्याचा डावा हात रिकामा नसतो. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक चाक असते. ते फिरवले की चालू सूर तुटल्यावाचून वर किंवा खाली सरकतो. बहुधा दोन पट्ट्यांच्या अंतराएवढी, म्हणजे षड्जापासून शुद्ध ऋषभापर्यंत, त्याची धाव ठेवलेली असते. ज्या मींडेसाठी पेटीला तीन दशके रेडिओबाहेर राहावे लागले, ती मींड हा मुलगा पट्टीच्या वाद्यावर प्रत्यक्ष काढत असतो, आणि त्यांतल्या काहींचा कान इतका तयार असतो की चाक नेमके जिथे थांबायला हवे तिथेच थांबते. उणीव एवढीच, की ते चाक दाबलेल्या सगळ्या पट्ट्यांचे सूर एकदमच हलवते. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई या नव्या संकेतप्रणालीत प्रत्येक बोटाचा सूर स्वतंत्रपणे सरकवता येतो. पट्टी दाबल्यानंतर बोट डावीउजवीकडे हलवले की तेवढाच सूर हलतो, खोल दाबले की तेवढ्याचाच रंग बदलतो. अशी वाद्ये अजून महाग आहेत आणि आमच्याकडे दुर्मीळ आहेत. पण मिरवणुकीत चाकावर हात बसलेल्या या मुलांपैकी कुणी एखादा पेटीच्या जुन्या शिस्तीत काही वर्षे भाता सांभाळायला शिकला आणि मग अशा वाद्यावर बसला, तर जयपूर-अत्रौली घराण्यातला एखादा सावकाश उलगडणारा राग तो कसा मांडेल, आणि त्याचा गांधार कुठे थांबेल, हे मला ऐकायचे आहे.